दूरचित्रवाणी संचाचा पडदा

दूरचित्रवाणी संचाचा पडदा हा विद्युत संकेतांचे दृश्य प्रतिमेत रूपांतर करणारा संचाचा भाग होय. सध्या घरगुती संचांत पडद्यांचे दोनच प्रमुख वर्ग आढळतात. मागून येणारा प्रकाश अडवून किंवा सोडून चित्र घडविणारा तो द्रवस्फटिक पडदा, अर्थात एलसीडी. आणि ज्याचा प्रत्येक चित्रबिंदू स्वतः प्रकाशतो तो सेंद्रिय पडदा, अर्थात ओएलईडी. बाजारात ‘एलईडी’, ‘क्यूएलईडी’, ‘मिनी एलईडी’ या नावांनी विकले जाणारे संच पहिल्याच वर्गातील आहेत. ‘क्यूएलईडी’ आणि ‘ओएलईडी’ या नावांत एका अक्षराचा फरक असला, तरी त्यांचे कार्यतत्त्व पूर्णतः भिन्न आहे.

इतिहास

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये ऋणकिरण नलिका तयार केली. विसाव्या शतकातील जवळजवळ सर्व संच याच नलिकेवर आधारलेले होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. हे सर्व प्रक्षेपण कृष्णधवल होते. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. त्यानंतरच्या काळात औरंगाबादचे ‘व्हिडिओकॉन’ हे रंगीत संचांच्या व्यवसायातील मोठे नाव ठरले.

द्रवस्फटिकाचा शोध त्याहून जुना आहे. ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रिडरिख रायनिट्झर यांना १८८८ मध्ये गाजरापासून मिळविलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगात हा गुणधर्म प्रथम आढळला. त्याचा पडदा व्हायला मात्र आठ दशके लागली. प्लाझ्मा पडदा १९६४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात जन्मला आणि २०१४ च्या सुमारास बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला. सेंद्रिय पडद्याचा पाया ईस्टमन कोडॅकचे चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये घातला. आज पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथील एलजीच्या कारखान्यात सपाट पडद्यांचे संच तयार होतात.

कार्यतत्त्व

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाही. विद्युत दाबानुसार त्याचे रेणू वळतात आणि खिडकीच्या झडपेप्रमाणे मागील प्रकाश कमीअधिक प्रमाणात जाऊ देतात. हा मागील प्रकाश पूर्वी नळीदिव्यांचा असे, आता तो प्रकाश-उत्सर्जक डायोडांचा असतो. ‘एलईडी टीव्ही’ हे नाव या दिव्यावरून पडले आहे, पडद्यावरून नव्हे. क्यूएलईडीमध्ये याच प्रकाशाच्या वाटेत पुंजकणांचा पातळ थर असतो, त्यामुळे रंग अधिक शुद्ध दिसतात. मिनी एलईडीमध्ये दिवे अतिशय लहान व संख्येने पुष्कळ असून ते गटागटाने मंद करता येतात.

झडप कितीही घट्ट बंद केली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. म्हणून द्रवस्फटिक पडद्यावर काळा रंग किंचित राखाडी दिसतो. सेंद्रिय पडद्याचा चित्रबिंदू पूर्ण विझू शकत असल्याने त्यावरील काळोख खरा असतो.

निवड

पहिला विचार खोलीतील उजेडाचा करावा. लोणी काळभोरसारख्या गावात बैठकीच्या खोलीचे दार दिवसभर उघडे राहत असेल आणि पडदा त्यासमोर असेल, तर सेंद्रिय पडद्याच्या काळेपणाचा लाभ दिवसा फारसा पदरात पडत नाही. तेथे अधिक तेजस्वी द्रवस्फटिक पडदा उपयुक्त ठरतो. रात्री दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यास सेंद्रिय पडद्याला तोड नाही.

दुसरा विचार काय पाहिले जाते याचा. वृत्तवाहिन्यांवरील बोधचिन्ह व तळाची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहते. अशा स्थिर चित्रामुळे सेंद्रिय पडद्याचे काही बिंदू लवकर झिजतात आणि तेथे कायमचा पुसट ठसा उमटू शकतो. ज्या घरात सकाळपासून बातम्या सुरू असतात त्या घराने हा धोका लक्षात घ्यावा.

द्रवस्फटिक पडद्यातही दोन प्रकार आहेत. ‘आयपीएस’ पडद्याचे रंग बाजूला बसलेल्यांनाही फारसे न बदलता दिसतात. ‘व्हीए’ पडद्यावर काळा रंग अधिक गडद असतो, परंतु तिरप्या कोनातून चित्र फिकट होते. भिंतीच्या कडेने मांडलेल्या खुर्च्यांवर सारे कुटुंब बसत असेल, तर पहिला प्रकार सोयीचा. विक्रेते हा भेद क्वचितच सांगतात. तो विचारून घ्यावा, किंवा संचाच्या बाजूला उभे राहून स्वतः पाहावा.

पडद्याचा आकार कर्णावर मोजतात. ४३ इंची पडद्याचा कर्ण सुमारे १०९ सेंमी, तर रुंदी सुमारे ९५ सेंमी असते. ‘४के’ पडद्यावर ३८४० × २१६० आणि ‘फुल एचडी’ पडद्यावर १९२० × १०८० चित्रबिंदू असतात. मात्र या आकाराच्या पडद्यापासून पावणेदोन मीटरहून दूर बसल्यास सामान्य दृष्टीला दोहोंतील फरक जवळजवळ जाणवत नाही. शिवाय साध्या वाहिनीचे चित्र ५७६ ओळींचेच असते. ते मोठ्या पडद्यावर ताणले गेल्याने उलट अधिक अस्पष्ट भासते.

वीजवापर पडद्याचा आकार व तेज यांवर ठरतो. १०० वॅटचा संच रोज ५ तास चालल्यास महिन्याला १५ युनिट वीज लागते. दुकानातील संच पुष्कळदा झगझगीत ‘प्रदर्शन’ स्थितीत ठेवलेले असतात. घरी आणल्यावर ती बदलून ‘चित्रपट’ किंवा ‘सामान्य’ स्थिती ठेवल्यास रंग नैसर्गिक दिसतात आणि वीजही कमी लागते.