ग्रहदर्शन आणि ग्रहांचे भय

वाशीम जिल्ह्यातील मानोरा येथे निरभ्र रात्री गुरू, शनी, मंगळ हे ग्रह उगवलेले असतील तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. गुरूकडे साधी दुर्बीण रोखली तर त्याचे चार मोठे उपग्रहही ठिपक्यांसारखे दिसू लागतात. तथापि याच ग्रहांच्या नावाने आपल्या समाजात आजही लग्ने मोडतात, ‘मंगळाच्या मुली’ला नकार दिला जातो. ग्रहांचे दर्शन आणि ग्रहांचे भय यांतील भेद बौद्ध परंपरेने फार पूर्वीच ओळखला होता, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

भगवान बुद्धांनी आकाशाचे ज्ञान वर्ज्य मानले नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात अशी कथा आहे की, चोरांनी अरण्यवासी भिक्खूंना आजचे नक्षत्र व दिशा विचारल्या. भिक्खूंना ते सांगता आले नाही म्हणून त्यांना मार खावा लागला. तेव्हा भगवंतांनी अरण्यवासी भिक्खूंस नक्षत्रे व दिशा जाणून घेण्यास सांगितले. याउलट ग्रहनक्षत्रांवरून भविष्य सांगून उपजीविका करणे ही हीन विद्या होय, असा निर्वाळा दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्त देते. नक्खत्तजातकात नक्षत्र अशुभ असल्याचे ऐकून वरपक्ष ठरल्या दिवशी जात नाही आणि वधूचा विवाह दुसऱ्याशी होतो.

पुढे ७ जानेवारी १६१० रोजी गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूजवळचे ठिपके पाहिले. रात्रीमागून रात्र त्यांच्या जागा बदलत गेल्या, तेव्हा ते गुरूभोवती फिरतात हे त्याने जाणले. सर्व आकाशस्थ गोल पृथ्वीभोवतीच फिरतात, या मतास त्यामुळे तडा गेला. ज्या मंगळाची एवढी धास्ती, त्याचेही फोबोस व डीमोस हे दोन उपग्रह असॅफ हॉल यांनी १८७७ मध्ये शोधले.

महाराष्ट्रात डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने २००८ मध्ये ज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या कुंडल्या वेगळ्या करावयाच्या होत्या. २७ ज्योतिषांची उत्तरे सरासरी सुमारे ४६ टक्केच बरोबर आली. नाणे उडवूनही याहून कमी यश येत नाही.

धम्मास आपण वंदनेत ‘एहिपस्सिको’ म्हणतो. ये आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. मानोऱ्यासारख्या गावी विहाराच्या अंगणात एखादी दुर्बीण उभी राहिली, तर ज्या मुलीस मंगळ सांगून नाकारले गेले, तिलाही तो मंगळ स्वतः पाहता येईल. पाहिलेल्या वस्तूचे भय फार काळ टिकत नाही.