ई-चलान : दंड भरावा की दाद मागावी?

लोणार तालुक्यातील बीबी हे जुन्या नागपूर-मुंबई मार्गावरील गाव. येथील वाहने शेतमाल, रुग्ण, विद्यार्थी व पाहुणे यांना घेऊन मेहकर, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि पुण्यापर्यंत जातात. वाहन गावी परतते आणि काही दिवसांनी भ्रमणध्वनीवर संदेश येतो : अमुक शहरात, अमुक वेळी नियमभंग झाला असून दंड भरावा. चौकात पोलिसाने अडवलेले नसते, हाती पावती नसते आणि दंड ठोठावणारे शहर शेकडो किलोमीटर दूर असते. अशा वेळी घाबरून पैसे भरणे किंवा संदेशाकडे काणाडोळा करणे, हे दोन्ही मार्ग अडचणीचे ठरतात. कायद्याने या दोहोंच्या मधला मार्ग ठेवला आहे.

चलान म्हणजे शिक्षा नव्हे

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० नुसार काही अपराध न्यायालयात न जाता ठरावीक रक्कम भरून मिटवता येतात. यालाच तडजोड शुल्क म्हणतात. चलान हा नियमभंगाचा आरोप असतो. रक्कम भरली की प्रकरण संपते आणि त्याच अपराधाबद्दल पुढील कारवाई होत नाही. तथापि, याचाच दुसरा अर्थ असा की, एकदा रक्कम भरल्यावर ‘चूक माझी नव्हती’ असे म्हणण्यास फारसा वाव उरत नाही. त्यामुळे आधी तपासणी आणि मग भरणा, हाच क्रम योग्य होय.

सर्वच अपराध असे मिटत नाहीत. मद्यप्राशन करून वाहन चालवणे (कलम १८५) तडजोडीच्या यादीत नाही. तेथे न्यायालयातच उभे राहावे लागते. अल्पवयीन मुलाने वाहन चालवल्यास कलम १९९-अ नुसार पालक किंवा वाहनमालक जबाबदार धरला जातो. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

दंडाचे आकडे

२०१९ च्या दुरुस्तीने दंडात मोठी वाढ झाली. कलम १७७ खालील सर्वसाधारण नियमभंगास पहिल्या वेळी ५०० व पुन्हा घडल्यास १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. अतिवेगासाठी हलक्या वाहनास १,००० ते २,००० आणि मध्यम व अवजड वाहनास २,००० ते ४,००० रुपये. विनापरवाना वाहन चालवल्यास ५,००० रुपये. विमा नसल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये, अशा तरतुदी आहेत. तडजोडीची रक्कम मात्र राज्य शासन ठरवते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२१ मध्ये त्यासंबंधी अधिसूचना काढली. म्हणूनच कायद्यातील आकडा आणि चलानावरील आकडा काही बाबतींत वेगळा दिसतो.

प्रथम काय तपासावे?

संदेशातील दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी राज्य पोलिसांचे महाट्रॅफिक ई-चलान संकेतस्थळ स्वतः उघडावे. वाहन क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक दिले की वाहनावरील प्रलंबित चलाने दिसतात. केंद्राच्या परिवहन संकेतस्थळावरही चलान पाहण्याची सोय आहे. त्यात पुढील गोष्टी बारकाईने पाहाव्यात :

१) छायाचित्रातील क्रमांक स्पष्ट आहे का? एमएच-२८ ही बुलडाणा जिल्ह्याची खूण. पुढील एखादे अक्षर वा अंक चुकला तरी दुसऱ्याचे चलान आपल्या माथी येते.

२) वाहनाचा प्रकार, रंग व बनावट जुळते का? क्रमांक मोटारसायकलचा आणि छायाचित्र चारचाकीचे, असे असल्यास चूक उघड आहे.

३) दिनांक, वेळ व ठिकाण कोणते? त्या वेळी वाहन खरोखर तेथे होते का?

४) कोणते कलम लावले आहे? एकाच घटनेसाठी दोन चलाने निघाली आहेत का?

कॅमेऱ्याद्वारे होणाऱ्या कारवाईसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १६७-अ घालण्यात आला. त्यानुसार वेगमापक यंत्रास मान्यता प्रमाणपत्र असावे व त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हावे, कॅमेरा असलेल्या मार्गावर सूचनाफलक असावेत, चलानासोबत क्रमांकपट्टी दिसणारे छायाचित्र, यंत्राने मोजलेला वेग, दिनांक, वेळ, ठिकाण व कलम यांचा उल्लेख असावा, अशी अपेक्षा आहे. दाद मागताना हाच तपशील उपयोगी पडतो. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या वाहतूक पोलीस विभागाने, कर्मचाऱ्यांनी खासगी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे काढून चलान करू नये, असे निर्देशही दिले होते.

वाहनतळाचा दंड

शहरात नव्याने जाणाऱ्या वाहनधारकास बहुतेक वेळा वाहन उभे करण्यावरूनच चलान होते. पदपथ, पादचारी पट्टे, बसथांबा, चौकाचा कोपरा, दुसऱ्याचे प्रवेशद्वार आणि ‘नो पार्किंग’ फलकाखालील जागा येथे वाहन उभे करणे हा नियमभंग आहे. रहदारीस अडथळा ठरणारे वाहन पोलीस उचलून नेऊ शकतात. त्या वेळी दंडाखेरीज वाहन ओढून नेण्याचा खर्चही द्यावा लागतो. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. फलक झाडाआड असेल किंवा नसेलच, तर त्या जागेचे छायाचित्र त्याच दिवशी काढून ठेवावे. महिनाभराने तो पुरावा उभा करणे कठीण जाते.

चूक मान्य असल्यास

चलान खरे असल्यास भरणा लांबवू नये. संकेतस्थळावर कार्ड, नेट बँकिंग वा यूपीआयद्वारे तसेच ई-चलान यंत्र असलेल्या वाहतूक पोलिसांकडे रक्कम भरता येते. पावती जपून ठेवावी आणि काही दिवसांनी चलान ‘भरलेले’ दिसते का, हे पाहावे. प्रलंबित चलानांमुळे मालकी हस्तांतरणासारखी परिवहन कार्यालयातील कामे अडू शकतात.

चूक मान्य नसल्यास

पहिली पायरी तक्रारीची. ई-चलान संकेतस्थळावर व महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. चलान क्रमांक, नोंदणी प्रमाणपत्र, वाहनाची चारही बाजूंची छायाचित्रे आणि ते वाहन अन्यत्र असल्याचा पुरावा, जसे फास्टॅगची नोंद, पेट्रोल पंपाची वा बाजार समितीची पावती, जोडावा. चलान ज्या शहराच्या वा जिल्ह्याच्या पोलिसांनी केले, त्यांच्याकडेच निर्णय असतो. पुण्यातील चलान बुलडाण्याच्या वाहतूक शाखेला रद्द करता येत नाही. तक्रार मात्र घरबसल्या करता येते, हे बीबीसारख्या गावातील वाहनधारकाने लक्षात ठेवावे.

क्रमांकपट्टीची नक्कल करून दुसरेच वाहन फिरत असल्याचा संशय आल्यास जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. पुढील प्रत्येक चलानास ती पोच उत्तर ठरते.

दुसरी पायरी न्यायालयाची. तडजोड नाकारल्यास प्रकरण हद्दीतील न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाते व आरोप सिद्ध करण्याचा भार सरकार पक्षावर असतो. राज्यात वाहतूक प्रकरणांसाठी आभासी न्यायालयाची सोय ३१ ऑक्टोबर २०२० रोजी नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे सुरू झाली. आभासी न्यायालयात दंड ऑनलाइन भरण्याचा किंवा आरोप अमान्य करून नियमित न्यायालयात जाण्याचा पर्याय असतो. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या अपराधाची दखल घेण्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ नुसार सहा महिन्यांची मुदत आहे. जुन्या चलानाबाबत हा मुद्दा वकिलामार्फत मांडता येतो. परंतु सहा महिने उलटले की चलान आपोआप रद्द होते, हा समज चुकीचा आहे.

तिसरा मार्ग लोकअदालतीचा. ई-चलानाची प्रकरणे दाखलपूर्व स्वरूपात राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली गेली आहेत. तेथे उभयपक्षी संमतीने प्रकरण मिटते आणि निवाड्याविरुद्ध अपील नसते. सवलत मिळेलच, अशी हमी तेथे नसते. आरोपच खोटा असेल तर तडजोडीपेक्षा तक्रार व न्यायालय हे मार्ग अधिक योग्य. तालुका विधी सेवा समितीकडे मार्गदर्शन मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आदींना मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे.

विकलेले वाहन, बदललेला क्रमांक

गावाकडे वाहनाचा व्यवहार अनेकदा मुद्रांक कागदावर आटोपतो आणि नोंदणी जुन्याच नावावर राहते. मग नव्या मालकाने शहरात केलेल्या नियमभंगाचे चलान जुन्या मालकास येते. कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची माहिती विक्रेत्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास द्यावयाची असते. ती दिलेली नसल्यास दप्तरी मालक तोच राहतो. नोंदणीतील भ्रमणध्वनी क्रमांक बंद पडला असेल, तर चलानाची वार्ताही कळत नाही. तो परिवहन कार्यालयात अद्ययावत करून घ्यावा.

फसव्या संदेशांपासून सावध

चलानाच्या नावाने एपीके फाइल पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार घडले आहेत. पोलीस वा परिवहन विभाग अशी फाइल उघडण्यास सांगत नाहीत. फसवणूक झाल्यास तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत पैसे गोठवता येण्याची शक्यता अधिक असते.

पाचशे रुपयांचे चलान किरकोळ वाटते. पण मालवाहू गाडीवर पोट असणाऱ्याच्या वाहनावर अशी दहा-पंधरा चलाने साचली की महिन्याची मिळकत त्यातच जाते. महिन्यातून एकदा आपल्या वाहनाची स्थिती तपासणे, खरे ते लगेच भरणे आणि खोटे ते लगेच लेखी नाकारणे, ही सवय त्यावरील स्वस्त उपाय होय.