तुटक जोडणीतील संगणन

एका यंत्राला न झेपणारे काम दुसऱ्या यंत्रावर सोपवण्याची पद्धत. मात्र दोहोंमधली जोडणी मधूनच तुटते आणि पुन्हा कधी जुळेल हे सांगता येत नाही, अशा ठिकाणी. नांदेडच्या किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात किंवा लातूरकडच्या बालाघाटात मोबाइलची रेंज शेतागणिक बदलते, तिथे हा प्रश्न रोजचा आहे.

काम पाठवावे की जागेवरच उरकावे, हे ठरवताना पाठवण्याचा वेळ, पलीकडच्या गणनेचा वेळ आणि बॅटरीचा खर्च पाहतात. जोडणी तुटक असली की त्यात वाट पाहण्याची भर पडते, आणि बहुधा तीच सगळ्यांत मोठी ठरते. केविन फॉल यांनी 2003 मध्ये विलंब सोसणाऱ्या नेटवर्कची रचना मांडली: पुढचा दुवा मिळेपर्यंत प्रत्येक टप्प्याने माहिती सांभाळून ठेवायची. 2012 च्या ‘सेरेंडिपिटी’ या संशोधनाने वाटेत भेटणाऱ्या इतर मोबाइलांवर कामाचे तुकडे सोपवून पाहिले. अशा व्यवस्थेत तेच काम दोनदा पोचू शकते. म्हणून प्रत्येक कामाला स्वतंत्र क्रमांक हवा, नाहीतर एकाच नोंदीच्या दोन होतात.

महाराष्ट्रात वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरात 1998 मध्ये ऊस शेतकऱ्यांच्या हिशेबासाठी गावोगावी संगणक बसवले गेले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चने तिथल्या काही गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून पाहिला. हिशेबाचे काम कारखान्याकडच्या संगणकावर गेले.

मराठवाड्यात सर्वांत परिचित उदाहरण ई-पीक पाहणीचे, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइल ॲपवर स्वतः पिकाची नोंद करण्याचे. 15 ऑगस्ट 2021 पासून ती राज्यभर लागू झाली. काटेकोरपणे पाहता यात जड गणित सोपवले जात नाही, पण विभागणी त्याच धर्तीची आहे. अक्षांश-रेखांश मोबाइल स्वतःच उपग्रहांच्या संकेतांवरून काढतो, त्यासाठी रेंज लागत नाही. फोटो आणि पिकाची माहिती फोनमध्ये साठते. सातबाऱ्याशी जुळवणी मात्र सर्व्हरवर, रेंजमध्ये येऊन अपलोड केल्यावरच. म्हणजे फोनमध्ये साठलेली पाहणी अजून नोंदलेली नसते. मुदतीत अपलोड राहिले तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि हमीभावाच्या खरेदीपासून नुकसानभरपाईपर्यंत शेतकरी अडू शकतो. म्हणून ‘साठले’ आणि ‘पोचले’ या दोन अवस्था पडद्यावर ठळक, मराठीत आणि वेगवेगळ्या दाखवणे हा अशा ॲपच्या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा भाग मानला पाहिजे.