ॲप नेमकं कुठे अडकतं? हॉट रॉड चालवून ट्रेसिंग समजून घ्या

कॅब बुक करताना स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं की आपण लगेच म्हणतो, "नेट स्लो आहे!" पण कित्येकदा उशीर सर्व्हरकडे होत असतो. तिथे एकच मोठा प्रोग्रॅम नसतो. ग्राहक, ड्रायव्हर, रस्ता अशा प्रत्येक कामाची वेगळी छोटी सेवा असते. यांनाच मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. मग यातली नेमकी कोणती सेवा अडकली, हे कसं कळणार?

ट्रेस म्हणजे काय?

कुरिअरच्या पार्सलला ट्रॅकिंग नंबर असतो, तसा प्रत्येक रिक्वेस्टला ट्रेस आयडी मिळतो. तो एका सेवेकडून दुसरीकडे सोबत जातो. प्रत्येक टप्प्यावर काम कधी सुरू झालं आणि किती वेळ चाललं याची नोंद होते. त्या एका नोंदीला स्पॅन म्हणतात आणि सगळे स्पॅन मिळून बनतो ट्रेस.

गुगलने २०१० मध्ये डॅपर या आपल्या ट्रेसिंग यंत्रणेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे उबरमध्ये येगर हे टूल तयार झालं आणि २०१७ मध्ये ते ओपन सोर्स झालं. हॉट रॉड हे येगरसोबत मिळणारं डेमो कॅब ॲप आहे.

कसं चालवायचं?

१. लॅपटॉपवर डॉकर इन्स्टॉल करा.
२. गिटहबवरून येगरचा कोड घ्या. शोधताना जे-ए-ई-जी-ई-आर असं स्पेलिंग टाका.
३. 'एक्झाम्पल्स'मधल्या 'हॉटरॉड' फोल्डरमध्ये 'डॉकर कंपोज अप' ही कमांड द्या.
४. ब्राउझरमध्ये लोकलहोस्टचा ८०८० पोर्ट उघडा. चार ग्राहकांची बटणं दिसतील, त्यातलं एक दाबा.
५. आता १६६८६ पोर्टवर येगर उघडून 'फ्रंटएंड' सेवेचे ट्रेस शोधा.

काय दिसतं?

आडव्या पट्ट्या दिसतात. पट्टी जितकी लांब, तितका वेळ जास्त. आधी ग्राहकाची माहिती, मग जवळचे ड्रायव्हर, शेवटी रस्ते. ड्रायव्हर शोधताना काही ठिकाणी लाल खूण दिसेल. घाबरू नका, ते टाइमआउट मुद्दाम ठेवलेले आहेत. इथला डेटाबेससुद्धा खरा नाही, नकली आहे.

खरी गंमत इथे आहे

आता तेच बटण भराभर दहा-पंधरा वेळा दाबा. वेळ वाढत जाईल आणि डेटाबेसची पट्टी ताणलेली दिसेल. लगेच वाटतं, डेटाबेसच स्लो आहे, मोठा सर्व्हर घ्या! थांबा. त्या पट्टीवर क्लिक करून आतले लॉग वाचा. रिक्वेस्ट लॉक मिळण्याची वाट बघत थांबलेली दिसेल. म्हणजे काम वाढलेलं नाही, एकाच खिडकीवर रांग लागली आहे. अशा वेळी मोठा सर्व्हर घेतला तरी रांग तशीच राहते आणि पैसे मात्र जातात.

कंपोज फाइलमध्ये हॉट रॉडच्या कमांडमध्ये 'ऑल'नंतर डॅश आणि कॅपिटल एम हा पर्याय जोडून पुन्हा चालवा. ही रांग हटेल. पण परत भराभर बटण दाबलंत तर अडथळा रस्ते शोधण्याच्या टप्प्यावर दिसेल, कारण तिथे एका वेळी तीनच कामं होतात.

म्हणून लांब पट्टी दिसली की लगेच दोष देऊ नका. आत काम चाललंय की नुसती वाट बघणं, हे आधी तपासा.