हृदयविकाराचे निदान : शवागारापासून रस्त्यापर्यंत

हृदयविकाराचा झटका हा रोग नवा नव्हे; नवे आहे ते त्याचे वेळीच होणारे निदान. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी अडकून मृत्यू आला, हे एकोणिसाव्या शतकात बहुधा शवविच्छेदनाच्या मेजावरच उमगे. असा झटका आलेला माणूस जगूही शकतो, हे १९१२ साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी निबंध लिहून मांडले. पण आरंभी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

निदानाला साधन मिळाले ते हॉलंडमध्ये. लायडनच्या आइन्थोव्हेन यांनी हृदयाच्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहाचा आलेख काढणारे यंत्र विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केले. यंत्र इतके अवजड, की ते हलवता येईना. म्हणून इस्पितळातील रुग्णाचा आलेख सुमारे दीड किलोमीटर तारेने प्रयोगशाळेत आणीत. १९२० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्डी यांनी या आलेखात झटक्याची खूण दाखवली. निदान आता रुग्णाच्या खाटेशी येऊन पोहोचले.

पण निदान झाले तरी उपाय काय? वेदनेवर मॉर्फिन आणि काही आठवडे सक्तीची विश्रांती, एवढेच. अनेकदा मृत्यू येतो तो अकस्मात : हृदयाचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसतेच थरथरू लागतात. विजेचा धक्का देऊन ती थरथर थांबवता येते, हे क्लीव्हलँडच्या बेक यांनी १९४७ साली छाती उघडून, तर बोस्टनच्या झोल यांनी १९५६ साली छाती न उघडताच दाखवले. पुढे १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी अशा रुग्णांसाठी स्वतंत्र कक्षाची कल्पना मांडली.

येथेच बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी खरा प्रश्न विचारला. हा गृहस्थ जपान्यांच्या कैदेत सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबून जिवंत परतलेला. त्यांचे म्हणणे असे : बहुतेक मृत्यू पहिल्या काही तासांत, आणि तेही घरी वा वाटेत होतात, मग इस्पितळातला सुसज्ज कक्ष कोणाच्या उपयोगाचा? रुग्ण कक्षाकडे येण्यापूर्वी कक्षानेच रुग्णाकडे जावे! १९६६ च्या जानेवारीत रॉयल व्हिक्टोरिया इस्पितळातून डॉक्टर, परिचारिका आणि धक्का देणारे यंत्र घेऊन गाडी निघाली. मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे ते यंत्र सुमारे ७० किलोचे होते. पंधरा महिन्यांत ३१२ रुग्ण आणले गेले. वाटेत एकही दगावला नाही. काही वर्षांतच हे यंत्र सुमारे तीन किलोंवर आले.

या विचाराचा वारसा आज आपल्याही दारी आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मात्र एक विलंब कोणत्याही यंत्राने टळत नाही. छातीवर दडपण आले, डावा हात वा जबडा दुखू लागला, दरदरून घाम सुटला, तरी आपल्या घरात आधी ओवा, मग सोडा, आणि मग 'सकाळी बघू' हाच क्रम चालतो. निदान शवागारातून प्रयोगशाळेत, तेथून खाटेशी आणि अखेर रस्त्यावर आले, त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. रस्त्यापासून उंबरठ्यापर्यंतचे उरलेले अंतर मात्र वैद्याला एकट्याने तोडता येणार नाही. त्यासाठी घरातल्या कोणीतरी वेळीच हाक द्यावी लागते.