कड्याचं चित्र आणि कड्याखालचं गाव

युरोपच्या निसर्गचित्रकारांत साल्वातोर रोझा हे एक ठळक नाव. १६१५ साली नेपल्सजवळ जन्मला, १६७३ साली रोममध्ये वारला. तुटलेले कडे, मोडकी झाडं, खडकाआड दबा धरलेले लुटारू, हे त्याचे विषय. पुढच्या शतकात इंग्रज धनिकांना या चित्रांचं वेडच लागलं. रानटी डोंगर ‘सुंदर’ असू शकतो, हे त्यांचा डोळा शिकला.

आता सनावळी शेजारी ठेवून बघा. रोझा वारला त्याच्या पुढच्याच वर्षी रायगडावर राज्याभिषेक झाला. त्याआधी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली. पोलादपूरच्या डोक्यावरचं हे रान रोझाच्या कोणत्याही चित्राला शोभलं असतं. पण आपल्याकडे ते कुणी रंगवलं नाही. का? सौंदर्यदृष्टी नव्हती म्हणून? मला तसं वाटत नाही. मेणवलीला नाना फडणिसांच्या वाड्यात भिंतींवर चित्रं आहेत, पण त्यांत पुराणकथा मुख्य. डोंगर हा इथे राहायचा, राखायचा, लढायचा विषय होता. माची, कडा, घळ, खिंड, सोंड, प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. हे शब्द वाट काढणाऱ्याचे आहेत, लांबून बघणाऱ्याचे नाहीत.

लांबून बघणारा १७७१ मध्ये आला. जेम्स फोर्ब्स, ईस्ट इंडिया कंपनीचा विशीतला नोकर, हौशी चित्रकार. बाणकोट तेव्हा कंपनीकडे होतं. तो दासगाव-महाड भागात येऊन गेला. हिंदुस्थानात असताना झाडं, पक्षी, देखावे त्याने सतत रेखाटले. १८१३ मध्ये ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ हे त्याचं चार खंडी पुस्तक निघालं.

फोर्ब्सच्या पिढीला या आवडीचं तत्त्वज्ञानही मिळालं होतं. १७५७ मध्ये एडमंड बर्कने ‘उदात्ता’वर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं की भयानक गोष्टही आनंद देते, मात्र धोका काही अंतरावर असला पाहिजे. अगदी जवळ आला की उरते ती नुसती भीती. १७९० मध्ये कांटनेही तीच अट घातली: बघणारा सुरक्षित जागी हवा.

ही अट तत्त्वज्ञानाच्या वर्गात आपण चटकन ओलांडून पुढे जातो. महाडमध्ये तसं करता येत नाही. जुलै २००५ मध्ये दरडी कोसळल्या, त्या जुई, कोंडिवते, रोहन आणि दासगाववर. होय, फोर्ब्सचंच दासगाव. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातही दरडी पडल्या. बर्क ज्या अंतराबद्दल बोलतो ते या वाड्यांना कधी मिळालंच नव्हतं.

म्हणून निसर्गचित्र खोटं का? नाही. ज्याला डोंगर सुंदर दिसला, त्याला तो जपावासाही वाटू शकतो, आणि ही जाण आपल्यालाही हवीच आहे. पण सौंदर्य दिसायला जे अंतर लागतं, ते कुणाला परवडतं, हा प्रश्न चित्राच्या चौकटीबाहेर राहतो. आज आंबेनळी घाटात गाडी थांबवून आपण धबधब्याचा फोटो काढतो तेव्हा रोझाचा डोळाच वापरत असतो. फोटो जरूर काढा. फक्त एकदा खाली वळून बघा, त्या उतारावर कोणती वाडी आहे, आणि पावसात तिथली माणसं रात्री झोपतात का, तेही विचारा.