यादीतलं आपलं नाव

अठरा वर्षं पूर्ण झाली की मतदानाचा हक्क मिळतो, हे कुठल्याही महाविद्यालयातला मुलगा किंवा मुलगी झोपेतसुद्धा सांगेल. पण हक्क मिळणं आणि प्रत्यक्ष मत देता येणं यांच्यामध्ये एक कागद असतो. त्याला मतदार यादी म्हणतात. खिशात ओळखपत्र आहे, बोटाला शाई लावून घ्यायची हौसही आहे, पण यादीत नाव नाही, तर केंद्रावरून परत फिरावं लागतं.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी देशात जवळपास ९७ कोटी मतदार होते. त्यांत १८ आणि १९ वर्षांचे मतदार होते १ कोटी ८४ लाख. या वयाच्या मुलामुलींच्या लोकसंख्येचा अंदाज घेतला, तर त्यांतले निम्म्याहून अधिक यादीच्या बाहेर राहिले, असं दिसतं. ‘हल्लीच्या पोरांना काही पडलेलीच नाही’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. गेली काही वर्षं कवितेच्या कार्यक्रमांच्या निमित्ताने मी महाविद्यालयांतून फिरतो. कार्यक्रम संपला की, प्राचार्यांची परवानगी असेल तर, एका टेबलाशी बसून मुलांना नोंदणीचा अर्ज भरायला मदत करतो. तिथे माझा अनुभव असा, की या यादीची गोष्ट सांगितली की मुलं आपणहून अर्ज मागतात. श्रोतेहो, तीच गोष्ट आज तुम्हांला सांगणार आहे.

इंग्रजांच्या राज्यातही मतदार याद्या होत्या. पण त्यांत नाव यायला मालमत्ता, शेतसारा, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरी असावं लागे. १९३५ च्या कायद्याने मतदारांची संख्या बरीच वाढली, तरी ती तीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे सहा प्रौढ माणसांमागे साधारण एक मतदार. काही बायकांना मत मिळालं, तेही नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर. मुंबई विद्यापीठाची एक वेगळी जागा कायदेमंडळात होती. तिथे पदवीधरांना मत होतं. पदवी असलेल्याला जादा मान, आणि ज्याच्या घामावर विद्यापीठ उभं राहिलं त्याला काहीच नाही, असा तो हिशेब होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे प्रौढ मताधिकाराची मागणी केली, ती या हिशेबाच्या विरोधात.

त्या काळातली आणखी एक गोष्ट मला, मुसलमान माणूस म्हणून, विसरता येत नाही. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांपासून मुसलमानांचे मतदारसंघ वेगळे झाले. एकाच गल्लीत राहणारे, एकाच विहिरीचं पाणी पिणारे दोन शेजारी वेगवेगळ्या याद्यांत गेले आणि वेगवेगळ्या उमेदवारांना मत देऊ लागले. १९४६ च्या निवडणुकीपर्यंत हे चाललं. शेजाऱ्याच्या मताची आपल्याला गरज नाही आणि आपल्या मताची शेजाऱ्याला गरज नाही, अशी सवय त्या वेगळ्या यादीने लावली. तिचं मोल पुढे काय द्यावं लागलं, ते सर्वांना ठाऊक आहे.

स्वातंत्र्य मिळालं आणि नवी यादी करायची वेळ आली. ही यादी राज्यघटनेच्या आधी सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. नोव्हेंबर १९४७ मध्ये, फाळणीच्या जखमा ओल्या असताना, संविधान सभेच्या सचिवालयात या कामाचा विचार सुरू झाला. मार्च १९४८ मध्ये प्रांतांना आणि संस्थानांना सूचना गेल्या, की एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचं नाव लिहा. त्याची मालमत्ता विचारू नका, शिक्षण विचारू नका.

पण एक अट होती. त्या ठिकाणी किमान १८० दिवस राहिलेलं असावं. मग लाखो निर्वासितांचं काय? ते कालपरवा सीमा ओलांडून आलेले, छावणीत पडलेले. कुठला पत्ता आणि कुठले १८० दिवस? त्यांनी आणि त्यांच्या संघटनांनी सरकारला पत्रं लिहिली, की आमचीही नावं घ्या. सचिवालयाने मार्ग काढला. ‘मी इथेच कायमचा राहणार आहे’ एवढं निवेदन निर्वासिताने दिलं, तरी त्याचं नाव लिहून घ्यावं, असं ठरलं. घर गेलेल्या माणसाला या देशात पहिल्यांदा जागा मिळाली ती यादीतल्या एका ओळीत.

पुढे सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. पहिल्या निवडणुकीची यादी १७ कोटी ३२ लाख नावांची झाली. याद्या टंकलिखित करून जुळवण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांसाठी नेमले होते आणि छपाईला ३ लाख ८० हजार रीम कागद लागला. संगणक नव्हते, घरोघर जाऊन विचारायचं आणि हाताने लिहायचं.

त्यात एक विलक्षण अडचण आली. उत्तरेकडच्या कित्येक भागांत बायका आपलं नाव सांगेनात. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच सांगत. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही, ही रीत. सेन यांनी ते चालवून घेतलं नाही. स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही, असं त्यांनी ठरवलं. सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी २८ लाख बायकांची नावं त्यामुळे यादीबाहेर राहिली. निर्णय कठोर होता. पण त्यावरून जो गदारोळ झाला, त्याने पुढच्या निवडणुकीपर्यंत ही रीत मोडायला मदत होईल, असं सेन यांना वाटत होतं.

आमच्या घरातही या यादीची एक आठवण सांगितली जाते. सोलापूर जिल्ह्यातलं आमचं आजोळ. नावं लिहायला सरकारी माणूस दारात आला. नानांनी आपलं नाव सांगितलं आणि नानीच्या वेळी म्हणाले, “लिखो, मेरी घरवाली.” तो माणूस म्हणाला, “तसं चालत नाही. नाव लागतं.” नाना गप्प झाले. तेव्हा पडद्याआडून नानीने स्वतःच आपलं नाव सांगितलं. माझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची होती. आपल्या आईला काही नाव आहे, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. नानीला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण त्यानंतरच्या एकाही निवडणुकीत ती घरी बसली नाही.

आणि ती यादी एकच होती. राज्यघटनेचं ३२५ वं कलम सांगतं, की प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण यादी असेल. केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कुणाला तीतून वगळता येणार नाही, आणि त्याच कारणांवरून कुणाला वेगळी यादीही मागता येणार नाही. संविधान सभेत बेगम ऐजाझ रसूल यांच्यासारख्या मुस्लिम सदस्यांनी तर धर्माच्या आधारावरच्या राखीव जागाही नकोत, अशी भूमिका घेतली. आज मतदार यादीत माझ्या नावाच्या वर जोशी आणि खाली कांबळे असतात, तेव्हा मला ती यादी एखाद्या चांगल्या कवितासंग्रहापेक्षा कमी वाटत नाही.

वयाची अट मात्र एकवीसच राहिली. ती अठरावर आली ६१ व्या घटनादुरुस्तीने. संसदेने ती डिसेंबर १९८८ मध्ये मंजूर केली आणि मार्च १९८९ मध्ये ती लागू झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, बी.ए.च्या वर्गात होतो. आमच्या मराठीच्या सरांनी तास संपल्यावर अर्जांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “निबंध नंतर लिहा, आधी नाव लिहा.” नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत आमच्या वर्गाने मत दिलं. एकवीस वर्षांच्या आत मत देणारी आमची पहिली पिढी.

आजच्या विद्यार्थ्याची अडचण वयाची कमी आणि पत्त्याची जास्त असते. आईवडील बीड जिल्ह्यातल्या गावात, मुलगी पुण्याच्या वसतिगृहात. तिचं नाव कुठे असावं? गावात जावं, तर मतदानाच्या दिवशी परीक्षा किंवा एस.टी.चं भाडं आडवं येतं. पुण्यात म्हणावं, तर तिच्याकडे पुण्याच्या पत्त्याचा कागद नसतो. १९४८ च्या निर्वासिताला पडलेला प्रश्न सौम्य रूपात तिलाही पडतो. त्याला उत्तरही तसंच मिळालेलं आहे. मान्यताप्राप्त संस्थेत किमान एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला शिकणाऱ्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या घरी किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी एका ठिकाणी नाव नोंदवता येतं. वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असेल, तर नमुना ६ च्या अर्जाला संस्थेच्या प्रमुखांचं बोनाफाईड प्रमाणपत्र जोडायचं. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र कायद्याला मान्य नाही. आधीच गावी नाव असेल, तर नमुना ८ भरून ते हलवून घ्यायचं. आणि गावचं नाव गावीच ठेवायचं असेल तर तेही चालतं. शिकायला तात्पुरतं बाहेर गेल्याने माणूस गावचा राहिवासी उरत नाही, असं कायदा म्हणत नाही.

दुसरी अडचण तारखेची होती. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरत. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला वर्षभर थांबावं लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्जही करता येतो. अकरावी-बारावीच्या वर्गातही हे सांगायला हवं, कारण निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली, की यादीत नवं नाव घालता येत नाही.

टेबलाशी बसल्यावर मी तीन गोष्टी पाहतो. नावाचं स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे आहे का? आमच्या घरांतून एकाच बहिणीचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. जन्मतारखेचा पुरावा जोडला आहे का? आणि मसुदा यादी लागली की ती स्वतः वाचणार का? ही तिसरी गोष्ट मुलांना पटायला वेळ लागतो. बिहारमध्ये २०२५ साली यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, तेव्हा मसुदा यादीत आधीपेक्षा सुमारे ६५ लाख नावं कमी होती. मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद ही कारणं दिली गेली, वाद झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यात कोण बरोबर, हा आजचा विषय नाही. यादी बदलत असते आणि आपलं नाव आपणच जाऊन पाहावं लागतं, एवढं त्यातून प्रत्येकाने घ्यावं.

चौथी गोष्ट मी कधीच विचारत नाही. मत कुणाला देणार? मदत करणाऱ्याने ती विचारू नये. अर्ज भरून देणारा हात मताच्या वाटेला गेला, की मदत संपते आणि प्रचार सुरू होतो.

शिक्षक, ग्रंथपाल, वसतिगृहाचे रेक्टर, राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं यांनी वर्षातून चार दिवस हे काम केलं, तरी पुष्कळ होईल. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून पाळला जातो. १९५० साली याच तारखेला निवडणूक आयोगाची स्थापना झाली. त्या दिवशी शपथ घ्यायची प्रथा आहे आणि ती चांगलीच आहे. शपथ घेऊन झाली की वर्गातल्या मुलांना एवढंच विचारावं, “तुझं नाव यादीत आहे का?” आणि उत्तर ‘नाही’ असं आलं, तर अर्ज हातात द्यावा आणि तो भरून होईपर्यंत शेजारी बसावं.